भिंतीला नाव लागत नाही



व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "विषय काय छापू?" मी म्हटलं, "पुपुल जयकर." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग जरा चाचरत प्रश्न आला, "कंसात काय लिहायचं? पत्रकार, लेखिका, की हस्तकलावाल्या?" मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र लक्षात आलं, की एका शब्दात मलाही सांगता येत नाही. शेवटी तुमच्या हातातल्या पत्रिकेत तिन्ही छापलंय आणि पुढं 'इत्यादी' जोडलंय. माझं आजचं सगळं बोलणं त्या 'इत्यादी'बद्दल आहे, असं समजा.

एक खुलासा आधीच करते. मी कलासमीक्षक नाही. माझी उमेदीची वर्षं वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत गेली. लोकांचे लेख वाचायचे, कापायचे, चित्राखाली दोन ओळी लिहायच्या, जागा उरली तर कविता घालायची, असं आमचं काम. त्यामुळं या बाईंकडं मी एका पुरवणीवाल्या बाईच्या नजरेनं पाहणार आहे. आणि त्या नजरेला दिसतं ते असं, की ही बाई जन्मभर एकच काम करत राहिली. संपादकाचं. नियतकालिक हातात होतं तेव्हाही आणि नव्हतं तेव्हाही.

संपादक काय करतो? तीन गोष्टी. बाकीचे ज्यावरून नजर फिरवून पुढं जातात, तिथं तो थांबतो. मग तो जागा देतो. आमच्या भाषेत, कागद देतो. आणि तिसरं, मजकुराखाली नाव घालतो. पाहणं, कागद आणि नाव. या तीन पायऱ्यांनी मी जाणार आहे. तिसऱ्या पायरीवर जरा जास्त वेळ बसेन, कारण तिथं माझंही एक देणं आहे.

पाहणं

पुपुल मेहता यांचा जन्म 1915 च्या सप्टेंबरमधला, उत्तर प्रदेशातल्या इटाव्याचा. घराणं सुरतेचं, नागर. आजोबा नंदशंकर मेहता. 1866 साली त्यांनी 'करण घेलो' लिहिली, तिला गुजरातीतली पहिली कादंबरी मानतात. म्हणजे घरात शाई होती. वडील विनायक मेहता आयसीएस अधिकारी. कलेक्टरच्या घरातलं बालपण: बनारस, अलाहाबाद. अलाहाबादेत वडिलांचा नेहरूंच्या घरी राबता, आणि तिथंच या मुलीची इंदिरेशी ओळख. पुढं शिक्षणाला लंडन. तिथं पत्रकारिता शिकली आणि 1936 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची पदवी घेऊन परतली. बॅरिस्टर मनमोहन जयकरांशी लग्न झालं आणि ती मुंबईकर झाली. 1997 च्या मार्चमध्ये याच मुंबईत तिनं अखेरचा श्वास घेतला.

एवढ्या पदव्या घेऊन आलेल्या बाईनं मुंबईत काय काढलं? राजकीय साप्ताहिक? स्त्रियांचं मासिक? नाही. मुलांचं मासिक काढलं. इंग्रजीतलं. नाव 'टॉय कार्ट', खेळण्यातली गाडी. आणि चित्रं कुणाची? बंगालच्या पटांची रेघ जन्मभर घोटणाऱ्या जामिनी रॉय यांची. आणि दुसऱ्या एका तरुणाची, जो तेव्हा मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत होता आणि मुलांसाठी लाकडी खेळणी आणि फर्निचर घडवत होता. मकबूल फिदा हुसेन.

आज हुसेन हे नाव घेतलं की आपण कोटींचे आकडे सांगतो. पण फलक रंगवणाऱ्या माणसाकडं मुलांच्या मासिकाची चित्रं सोपवणं, हे त्या वेळी संपादकाच्या डोळ्याचं काम होतं. ज्याला बाकीचे 'पेंटर' म्हणतात, म्हणजे दुकानाची पाटी रंगवणारा, त्याच्यात चित्रकार दिसणं. एका बाजूला ग्रामीण पटांकडं वळलेला जाणता, दुसऱ्या बाजूला रस्त्यावरच्या परांचीवर चढलेला तरुण, आणि दोघांच्या मधोमध एक मूल. या बाईचं पुढचं सगळं आयुष्य या एका पानात बसतं, असं मला वाटतं.

'टॉय कार्ट' म्हटलं की आपल्या मराठी कानाला दुसरंच काही ऐकू येतं. देवलांचं 'मृच्छकटिक'. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून रडतो, त्याच्या वाट्याला आलीय मातीची. वसंतसेनेचं काळीज हलतं. ती आपले दागिने उतरवते आणि मातीच्या गाडीत भरते. किती सुंदर प्रसंग! पण पुढं काय होतं, ते आपण विसरतो. तेच दागिने न्यायासनासमोर पुरावा ठरतात आणि चारुदत्त सुळाच्या वाटेला लागतो. मातीच्या गाडीत सोनं भरणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. गाडी पुढं कुठं जाते, हे मात्र त्याच्या हातात राहत नाही. हे एवढं मनाशी ठेवा. आपण परत इथं येणार आहोत.

कागद

स्वातंत्र्य मिळालं. गिरणीच्या कापडासमोर हातमाग कसा टिकवायचा, हा प्रश्न चरख्याच्या भावनेतून सुटण्यासारखा नव्हता. 1952 मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ आलं, हस्तकला मंडळ आलं. हस्तकला मंडळाची सूत्रं कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्याकडं. जयकरबाईंनी हातमाग धरला. 1956 च्या सुमाराला विणकर सेवा केंद्रं सुरू झाली, त्यांतलं अगदी सुरुवातीचं मुंबईचं.

सरकारी केंद्र म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं, ते मला ठाऊक आहे. फायलींचा वास आणि चहाचे कप. इथं मात्र नोकरीला होते चित्रकार. के. जी. सुब्रमण्यन, अंबादास, जेराम पटेल, गौतम वाघेला आणि आपले प्रभाकर बरवे. नागावचा हा मुलगा साठच्या दशकाच्या पूर्वार्धात बनारसच्या केंद्रात होता, आणि तिथं त्याला तांत्रिक चित्रांची ओढ लागली. बरव्यांनी पुढं मराठीत जे पुस्तक लिहिलं त्याचं नावच 'कोरा कॅनव्हास'. भारतीय आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात आपण पॅरिस शोधतो, न्यूयॉर्क शोधतो. त्यात हातमागाच्या खात्यातला मासिक पगारही धरायला हवा. चित्रकाराला महिन्याच्या एक तारखेची शाश्वती आणि विणकराला नवा आकृतिबंध, असा हा दुहेरी सौदा होता. आमच्या पुरवणीतसुद्धा आम्ही हेच करायचो. कवीला मुद्रितं तपासायला बसवायचो. त्यानं कवितेचं नुकसान झालं नाही. मुद्रितांचं थोडं झालं असेल.

1955 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भारतीय वस्त्रांचं आणि अलंकारांचं मोठं प्रदर्शन झालं. त्या निमित्तानं जयकरबाईंची गाठ चार्ल्स ईम्स या अमेरिकन डिझायनरशी पडली. पुढं चार्ल्स आणि रे ईम्स हे जोडपं सरकारच्या निमंत्रणावरून भारतात आलं, फिरलं, आणि 1958 मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. त्यातून 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. अहवालात यंत्रं येतील, कारखाने येतील असं आपण धरून चालतो. त्यात आला लोटा. तुमच्याआमच्या घरातला तांब्या. पाणी ओतताना तो मनगटात कसा वळतो, कमरेवर कसा टेकतो, भरला की तोल कुठं जातो, आणि हा आकार कुणा एकानं काढलेला नसून पिढ्यान्पिढ्यांच्या हातांनी कसा घासून आणलाय. परदेशी माणसानं सांगितल्यावर आपण आपल्या तांब्याकडं पाहिलं. थोडं लाजिरवाणं आहे, पण झालं ते असं.

या तांब्याचं एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवा. त्याला कर्त्याचं नाव नाही. आणि तो त्याचा दोष नव्हे, वैभव आहे. असं असेल तर मी नावाचा आग्रह का धरतेय? थांबा, येतेच तिथं.

त्याआधी बिहारला जाऊ. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. मधुबनीचा इंग्रज अधिकारी विल्यम आर्चर पडझडीची पाहणी करत गावोगाव हिंडत होता. घरांच्या भिंती कोसळल्या होत्या, त्यामुळं आतल्या खोल्या उघड्या पडल्या होत्या. परपुरुषानं जिथं पाऊलही टाकू नये, त्या नवदांपत्याच्या खोल्या. आणि त्या भिंतींवर चित्रं. कमळ, बांबू, मासे, पोपट, कासव. यालाच कोहबर म्हणतात. आर्चरनं छायाचित्रं घेतली आणि 1949 मध्ये त्यावर लेख लिहिला. तो छापला कुठं? मुंबईच्या 'मार्ग' या नियतकालिकात. म्हणजे भूकंप बिहारचा, डोळा इंग्रजाचा, आणि छापखाना मुंबईचा.

त्यानंतर 1966-67 चा दुष्काळ. बिहार होरपळला. शेतात काही नाही, चुलीवर काही नाही. जयकरबाई तेव्हा हस्तकला आणि हातमागाच्या निर्यातीचं काम पाहत होत्या. त्यांनी काय करावं? धान्य पाठवणारे पुष्कळ होते. त्यांनी कागद पाठवला. कोरा कागद. आणि कागद घेऊन कुणाला पाठवलं, तर मुंबईच्या एका चित्रकाराला. त्याचं नाव भास्कर कुलकर्णी.

हे नाव आज या सभागृहात किती जणांनी ऐकलंय? हात वर करायला सांगत नाही. मला कुणाला अवघडात टाकायचं नाही, आणि तीस वर्षांपूर्वी माझाही हात वर झाला नसता.

कुलकर्णी मिथिलेतल्या जितवारपुरात आणि आसपासच्या गावांत राहिले. बायकांना म्हणाले, भिंतीवर काढता ते यावर काढा. वाटतं तेवढं हे साधं नाही. भिंतीचं चित्र लग्नाचं असतं, मुहूर्ताचं असतं, चार जणी मिळून काढायचं असतं. कागद हातभर. त्याला मुहूर्त नाही, लग्न नाही, आणि समोर बसून काढणारी एकटी. आम्हा पुरवणीवाल्यांना ही अडचण पाठ आहे. ओवी रचणाऱ्या बाईला 'आठशे शब्दांत लिहा' म्हटलं की ती कशी गोंधळेल? पण त्या गोंधळल्या नाहीत. किंवा गोंधळल्या, आणि तरी त्यांनी काढलं. जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी, महासुंदरीदेवी, बौआदेवी. घराच्या उंबऱ्याआड वावरलेल्या या बायकांच्या नावापुढं देशानं पद्मश्री लिहिली. जगदंबादेवींना 1975 मध्ये, सीतादेवींना 1981 मध्ये, गंगादेवींना 1984 मध्ये, आणि उरलेल्या दोघींना पुढं बऱ्याच वर्षांनी.

कागद सगळ्यांच्या ओसरीपर्यंत पोचला का? पहिल्यांदा पोचला तो ब्राह्मण आणि कायस्थ घरांत. त्याच गावांतल्या दुसाध बायकांनी नंतर अंगावरच्या गोंदणाच्या नक्षीतून स्वतःची वेगळी शैली उभी केली, गोदना म्हणतात तिला. संपादक कितीही उदार असो, त्याचा कागद आधी ओळखीच्या दारात पोचतो. आम्हीही रविवारी तेच करायचो. हे मी जयकरबाईंवर आरोप म्हणून सांगत नाही. धंद्याची खोड म्हणून सांगते.

नाव

आता आपल्या दाराशी येऊ. हेच भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डहाणूच्या पाड्यांवर पोचले. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. वारल्यांच्या कुडाच्या भिंती, शेणानं सारवून त्यावर गेरू, आणि तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. बांबूची काडी चावून तिचं टोक फुलवलं की कुंचला तयार. लग्न असलं की सवाशिणींनी चौक लिहायचा. हो, 'लिहायचा' म्हणतात, काढायचा नाही. चौकात पालघट देवी, आणि धवलेरीनं गाणी म्हणून लग्न लावायचं. धवलेरीही बाई, लिहिणाऱ्याही बाया. लग्न आटोपलं, पाऊस आला, पुढच्या सणाला भिंत सारवली, की चौक गेला. त्याबद्दल कुणाला हळहळ नाही.

इथंही कागद आला. आणि या खेपेला कुंचला कुणाच्या हाती गेला? गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या. पुरुषाच्या. मोठा कलावंत माणूस, यात शंका नाही. कोळ्यांच्या जाळ्याचे ते हजारो पांढरे ठिपके पाहताना जीव थरथरतो. 1975 मध्ये मुंबईच्या शेमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 2011 मध्ये पद्मश्री. त्यांच्या मागून पाड्यापाड्यांतले तरुण चित्रं काढू लागले.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. तोच कुलकर्णी. तोच कोरा कागद. तीच योजना. मिथिलेत बायका भिंतीवर काढत होत्या, आणि कागदामुळं त्यांना नावं मिळाली. डहाणूत बायका भिंतीवर लिहीत होत्या, आणि कागदाबरोबर मोठं नाव झालं ते पुरुषाचं. चौक लिहिणाऱ्या सवाशिणी पडवीतच राहिल्या. आज वारली चित्रकार म्हटलं की आपल्याला चार पुरुषांची नावं आठवतात. चौक लिहिणाऱ्या एका बाईचं नाव सांगा बरं?

मी सांगितलं होतं ना, माझं एक देणं आहे. ते आता फेडते, म्हणजे कबूल करते; फिटणारं नाही. नोकरीची माझी पहिलीच वर्षं. डहाणूकडच्या एका पाड्यावर लग्न होतं, पुरवणीसाठी मला पाठवलं होतं. एक म्हातारी बाई चौक लिहीत होती. तीन तास मी तिच्या शेजारी उकिडवी बसले. तिनं मला पिठाची वाटी धरायला दिली. मध्येच रेघ चुकली म्हणून मलाच रागावली, जशी काही माझ्यामुळंच हलली होती. मी परत आले, दोन कॉलमांचा लेख लिहिला, चित्र छापून आलं. चित्राखाली मीच ओळ लिहिली होती: 'लग्नाचा चौक लिहिताना एक वारली स्त्री'. वर माझं नाव, ठळक टायपात. फोटोग्राफरचं नाव कोपऱ्यात, बारीक. आणि जिचं सगळं होतं ती 'एक वारली स्त्री'. कॉपी तपासणाऱ्यानं विचारलं नाही, संपादकांनी विचारलं नाही, वाचकांची कौतुकाची पत्रं आली त्यांतल्या एकानंही विचारलं नाही. तीन तासांत मीही तिला विचारलं नव्हतं.

आता तांब्याचा प्रश्न घेते. लोककला ही तर निनावीच असते, मग हा शहरी अट्टाहास कशाला, असं कुणी म्हणेल. मीही बरीच वर्षं असंच म्हणून स्वतःची समजूत घातली. पण विचार करताना एक साधी गोष्ट ध्यानात आली. भिंतीला नाव लागत नाही, कारण भिंत कुठं जात नाही. त्या पाड्यावर प्रत्येकाला ठाऊक असतं की हा चौक कुणाच्या हातचा आहे. रेघ पाहून ओळखतात, आपण अक्षर ओळखतो तशी. कागद मात्र निघतो. डहाणूहून मुंबईला, मुंबईहून जगभर. ज्याला प्रवासाला निघायचंय त्याच्या पिशवीवर नाव-पत्ता लिहावा लागतो, हे आपल्या आईनं आपल्याला पहिल्या सहलीला सांगितलेलं असतं. भिंतीचा कागद केला की निनावीपण राहत नाही, फक्त हरवलेपण उरतं. घरातला तांब्या निनावी चालेल. त्याच तांब्याच्या आकाराला परदेशी दुकानात किंमत लागली, की 'ही किंमत कुणाची' हा प्रश्न उभा राहतो. पैसा आला की नाव लागतं.

जयकरबाईंचं सगळं काम भिंती प्रवासाला पाठवण्याचं होतं. म्हणून नावाचा प्रश्न त्यांच्या कामाच्या ऐन मध्यावर आहे. त्यांना तो सुटला का? मिथिलेत बराच सुटला. आणि पुढं तो फार मोठा होऊन त्यांच्यासमोर आला, कारण पुढं चित्रांबरोबर माणसंच प्रवासाला निघाली.

ऐंशीच्या दशकातले भारत महोत्सव तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असतील. 1982 मध्ये ब्रिटन, 1985 मध्ये अमेरिका आणि फ्रान्स. सूत्रधार जयकरबाई. वॉशिंग्टनच्या महोत्सवात कुंभार, कठपुतळीवाले, बहुरूपी, डोंबारी यांना जनतेसमोर उभं केलं गेलं. 'अदिती' हे प्रदर्शन ज्या इमारतीत भरलं, ते निसर्गेतिहासाचं संग्रहालय होतं. जिथं एरवी पेंढा भरलेला हत्ती पाहायला मुलं येतात, तिथं आमचा कारागीर बसला होता. यावर टीका झाली, आणि ती होणं योग्यच होतं.

पण त्याहून बोचरी गोष्ट इथली आहे. रस्त्यावर गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं हीदेखील कायद्याच्या व्याख्येत भीकच. हा कायदा कुठला? 1959 चा, मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. मुंबईनं केला आणि दिल्लीनं उचलला. म्हणजे जो खेळकरी वॉशिंग्टनमध्ये देशाचा सांस्कृतिक दूत, तोच परत येऊन दिल्लीच्या चौकात उभा राहिला तर भिकारी ठरायचा, 2018 पर्यंत. विमानात त्याला नाव होतं, पासपोर्टवर छापलेलं. फुटपाथवर कलम होतं.

आठवतेय ना मातीच्या गाडीतली ती दागिन्यांची पुरचुंडी?

तरीही, माणसं प्रवासाला निघाली त्याचं एक फळ असं आहे की मी ते विसरूच शकत नाही. 1985 च्या महोत्सवाच्या निमित्तानं गंगादेवी अमेरिकेला गेल्या. परत आल्या आणि त्यांनी काय काढलं? वॉशिंग्टनचं स्मारक काढलं. रोलर कोस्टर काढला! कोहबरच्या बारीक रेघांनी, कमळ आणि मासे काढणाऱ्या त्याच हातानं, वर-खाली झेपावणारे डबे आणि त्यात बसलेली माणसं. पुढं त्यांना कर्करोग झाला, तर त्यांनी रुग्णालयाची चित्रमालिकाच काढली. खाट, सलाईन, डॉक्टर, येणारे-जाणारे. श्रोते हो, याला काय म्हणायचं? आमच्या धंद्यात याला वार्तांकन म्हणतात. प्रवासवर्णन आणि वार्तांकन. संपादकानं पाठवलेल्या कोऱ्या कागदावर एक बातमीदार तयार झाली होती, आणि ती ज्या संपादकानं तिला पाठवलं त्याच्याही पलीकडचं पाहत होती. मला विचाराल तर जयकरबाईंच्या सगळ्या संस्थांपेक्षा हा रोलर कोस्टर मला मोठा वाटतो.

नाव मिळालं म्हणजे सगळं जपलं जातं, असंही समजू नका. याच गंगादेवींनी आजारपणात दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयाच्या भिंतींवर एक कोहबर घर रंगवलं होतं. 1991 मध्ये त्या गेल्या. 2015 च्या सुमाराला नूतनीकरणात ते पुसून टाकलं गेलं. पद्मश्री मिळालेल्या बाईची भिंत, कलेच्याच संग्रहालयात! पाड्यावरची बाई पुढच्या सणासाठी भिंत सारवते, त्याचं कुणाला दुःख नसतं. या भिंतीला पुढचा सण नव्हता.

हिशेब

वेळ होत आलीय. अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडं पाहिलं, तेव्हा बाकीचं थोडक्यात.

तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींशी जयकरबाईंची भेट 1948 च्या सुरुवातीची. तो संवाद जवळजवळ चार दशकं चालला. त्यांचे काही संवाद ध्वनिचित्रफितीवर आहेत. त्या पाहिल्यात तर दिसेल, की पुढं होऊन बसलेली ही बाई उत्तर मिळालं तरी प्रश्न सोडत नाही. मुलाखत कशी घ्यावी हे शिकायचं असेल त्यांनी पाहाव्यात. 1986 मध्ये जयकरबाईंनी कृष्णमूर्तींचं चरित्र लिहिलं, 1992 मध्ये इंदिरा गांधींचं. मैत्रिणीचं चरित्र लिहिणं हे माहेरच्या लग्नाची बातमी लिहिण्यासारखं असतं, सगळं ठाऊक असतं आणि तीच अडचण असते. सत्तेच्या इतकं जवळ राहून कारागिराचा कागद राखता येतो का, हा प्रश्न त्यांच्या टीकाकारांनी विचारला. माझं उत्तर असं, की सत्तेशिवाय तो कागद इतक्या दूरवर गेला नसता. आणि सत्तेच्या आधारानं गेला म्हणून आधार सरकताच लटपटला. 2020 मध्ये हातमाग मंडळ आणि हस्तकला मंडळ, दोन्ही सरकारनं गुंडाळली. फारसं कुणाला कळलंही नाही. पहिल्या पानावर तर नक्कीच नव्हतं.

मग जयकरबाईंकडून आपण काय घ्यायचं? संस्था? त्या येतात आणि जातात. महोत्सव? त्यांचे मंडप दुसऱ्या दिवशी उतरतात. मला वाटतं, घ्यायची ती त्यांच्या हातातली एक साधी कृती: धान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला कागद देणं. तिला भुकेलं तोंड न समजता लिहिणारा हात समजणं. आणि त्यांच्याकडून जे अर्धं राहिलं तेही आपणच घ्यायचं आहे, कागदाखालची ती ओळ. 2014 मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं, जमातीचं आणि मुलखाचं नाव लागलं. पण मुलखाचं नाव म्हणजे आडनाव झालं. पहिलं नाव अजून लिहायचंय.

आज ती चित्रं कुठं नाहीत? डायरीवर, कुर्त्यावर, सरकारी भिंतींवर, लग्नपत्रिकेवर, या सभागृहाच्या दारातल्या रांगोळीतसुद्धा. पुढच्या खेपेला एखादं घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, "कुणी काढलंय?" तो म्हणेल, "वारली आहे." तुम्ही म्हणा, "ते दिसतंय. नाव काय?" शंभरातल्या नव्वद वेळा उत्तर मिळणार नाही. पण शंभर जणांनी विचारलं तर तो पुढच्या खेपेला विचारून ठेवेल. बाजाराला लाज नसते, पण गिऱ्हाईकाची सवय त्याला लागते.

मी स्वतः काय केलं, असं तुम्ही मनात विचारत असाल. निवृत्त झाल्यावर मी त्या पाड्यावर गेले होते. लेखाचं कात्रण बरोबर होतं. पिवळं पडलेलं, चेहरा शाईत बुडालेला. दोन-तीन घरांत दाखवलं. एका पोक्त बाईनं ते बराच वेळ निरखलं. चेहरा तिनं पाहिलाच नाही. चौकाच्या कडेची नक्षी पाहत राहिली. म्हणाली, "हात आमच्याकडचाच आहे." आणखी काही तिला सांगता येईना. शाईनं रेघाही खाल्ल्या होत्या.

कात्रणवहीत ते पान अजून आहे. 'एक वारली स्त्री' ही अक्षरं मी पेन्सिलीनं खोडलीत, आणि शेजारी जागा मोकळी ठेवलीय.